मानेला झेपेल अशी दुर्बीण

ठाणे जिल्ह्यात बंदूक खांद्याला लावून नेम धरायची हौस फेडायची असेल, तर आता एकच बिनधोक जागा उरली आहे: जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल. तिथली छऱ्याची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या डावीकडे मारते आणि स्टॉलवाल्याचा प्रपंच त्या डाव्या कलावर सुखाने चालतो. तिच्यावर थेट जर्मनीहून मागवलेली दुर्बीण बसवली, तरी लाल फुग्यावर नेम धरला की शेजारचा पिवळाच फुटणार. तोही फुटला तर. खऱ्या शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच मिटवला. ससा, तितर, भेकर, कशाच्याही वाटेला जायचं नाही. प्राण्यांवर मात्र आपल्या वाटेला न जाण्याचं असं काही बंधन नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या भल्या पहाटे ठाण्यातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारून गेला आणि पुढे एका हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला. वनखात्याने बेशुद्ध करून नेईपर्यंत अख्ख्या शहराने त्याला सीसीटीव्हीत बघितलं. दुर्बिणीची गरजच पडली नाही.

जिथे परवाना काढून शिकार करता येते, त्या देशांतले शिकारी रायफलवर बसवायच्या दुर्बिणीवरून वर्षानुवर्षं भांडतात म्हणे. साडेतीन किलोची रायफल घेऊन डोंगर चढायचा, त्यात वर बसवलेली नळी साडेतीनशे ग्रॅमची की सातशेची, यावरून मैत्र्या तुटतात. नळी हलकी हवी, स्वस्त हवी आणि संधिप्रकाशातही लख्ख दिसायला हवी. दुकानदार यातल्या दोन गोष्टी देतो आणि तिसरी मागितली की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हे वर्णन ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. भोपरच्या टेकडीवर, निळजे तलावाच्या काठी किंवा डोंबिवली पश्चिमेच्या रेतीबंदरावर रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून उभी असलेली मंडळी हाच वाद घालत असतात. आमच्याकडे रायफल तेवढी गळून पडली, वाद जसाच्या तसा राहिला.

आणि हे नातं काही ओढूनताणून आणलेलं नाही. भारतातल्या पक्षी-अभ्यासाचे पितामह सालिम अली यांची सुरुवातच मुळी छऱ्याच्या बंदुकीने झाली. लहानपणी त्यांनी एक चिमणी पाडली. ती नेहमीची वाटेना. गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारीचे शौकीन, त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी रागावण्याऐवजी कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. आजच्या डोंबिवलीत एखाद्या पोराने चिमणी पाडली, तर सोसायटीच्या ग्रुपवर आधी त्याचा फोटो फिरेल, मग आईवडिलांचा, आणि दुपारपर्यंत चिमणीच्या श्रद्धांजलीची वेळ ठरेल. ही प्रगती आहे, यात शंका नाही. फक्त पुढचा सालिम अली कुठून यायचा, तेवढं कळत नाही.

तर दुर्बीण घ्यायची ठरली. ठरली म्हणजे मी घरी बोलून दाखवलं, आणि भिंतींना कान असल्याने संध्याकाळपर्यंत मजल्यावर कळलं. लग्न, घर आणि दुर्बीण या तीन विषयांत सल्ला द्यायला अनुभव लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी जिन्यातच गाठलं.

"किती लांबचं दिसतं?"

हा प्रश्न दुर्बीण घेणाऱ्या प्रत्येकाला, आयुष्यात पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाकडूनसुद्धा, विचारला जातो. त्याचं खरं उत्तर असं, की नुसत्या डोळ्यांनी पावणेचार लाख किलोमीटरवरचा चंद्र दिसतो, त्यामुळे लांबची काळजी दुर्बिणीने करायचं कारण नाही. हे उत्तर काकांना दिलं तर ते दुखावतात. मी म्हटलं, "आठ पट जवळ दिसतं."

"आठच?" काकांचा चेहरा महागाई भत्त्याचा आकडा ऐकल्यासारखा पडला. "माझ्या मेहुण्याकडे मिलिटरीची आहे. शंभर पट. कल्याणच्या गच्चीतून मलंगगडावरची माणसं मोजतो तो."

माणसं मोजून मेहुणे काय करतात, हे मी विचारलं नाही. पण या शंभर पटीच्या आजाराची लागण सार्वत्रिक आहे. त्यावर उतारा म्हणून दुर्बिणीवरचे आकडे वाचायला शिकावं लागतं. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार त्याचा. दुसरा पुढच्या, म्हणजे पक्ष्याकडच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. रायफलच्या नळीवर ३-९×४० असतं तेही तसंच वाचायचं. तिथे पट तीनपासून नऊपर्यंत बदलता येते एवढाच फरक. झाईस, लायका, स्वारोवस्की या कंपन्या दोन्ही वस्तू बनवतात. हरणाला मारणाऱ्याला आणि हरणाचं चित्र काढणाऱ्याला एकाच कारखान्यातली काच जाते. काचेला त्याचं काही वाटत नाही.

आता पहिला आकडा वाढवला की पक्षी मोठा होतो हे खरं, पण त्याबरोबर आपल्या हाताचा थरथराटही तेवढ्याच पटीने मोठा होतो, हे जाहिरातीत लिहीत नाहीत. आठ पटीत झाडावरचा तांबट शांत बसलेला दिसतो. दहा पटीत तो जरा अस्वस्थ वाटतो. वीस पटीची दुर्बीण हातात धरली तर तांबट, फांदी, मागचा टॉवर आणि टॉवरवरची टाकी एका लयीत नाचायला लागतात आणि आपल्या हृदयाचे ठोके बसल्या जागी मोजता येतात. शिवाय पट वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो. आठ पटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर साधारण एकशेतीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहा पटीत तो शंभर-एकशेदहावर येतो. म्हणजे शिंजीर या फांदीवरून त्या फांदीवर गेला की दहा पटवाला आकाश, विजेची तार, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी अशी जगयात्रा करून येतो, तोवर आठ पटवाल्याची वहीत नोंद होऊन गेलेली असते. शिंजीर इंचभर जागा स्थिर बसत नाही. त्याची बैठक कोपर फलाटावर गाडी थांबते त्याहून कमी असते.

दुसरा आकडा मोहाचा आहे. भिंग जितकं मोठं तितका प्रकाश जास्त, इथवर काका आणि भौतिकशास्त्र यांचं एकमत आहे. पण दुर्बिणीतून आत आलेला प्रकाश शेवटी आपल्या डोळ्याच्या बाहुलीतूनच जाणार. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा: बेचाळीस भागिले आठ, सव्वापाच. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल दुर्बिणीतून बाहेर पडतो. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की मागच्या भिंगात तो दिसतोही. भर दिवसा आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. जर्मनीतले शिकारी रात्री मचाणावर बसून रानडुकराची वाट बघतात, म्हणून ते ८×५६ ची दांडगी दुर्बीण बाळगतात. तिचा गोल सात मिलिमीटरचा. अंधारात जवान माणसाची बाहुली तेवढी उघडते. पन्नाशीनंतर मात्र ती अंधारातही पाचच्या आसपास थकते. म्हणजे साठीच्या गृहस्थाने मोठ्या भिंगाला जादा पैसे मोजले, तर तो वरचा प्रकाश विकत घेऊन स्वतःच्या गालावर पाडत असतो. शिवाय डोंबिवलीचा पक्षीनिरीक्षक अंधारात करणार काय? तो पहाटे निघतो आणि साडेनऊच्या आत भाजी घेऊन परत यायचं कबूल करून निघालेला असतो.

आणि वजन! दुर्बीण दुकानात हलकी असते. तिथे आपण ती दोन मिनिटं हातात धरतो, समोरच्या दुकानाची पाटी वाचतो, "वा" म्हणतो आणि खाली ठेवतो. ८×४२ च्या चांगल्या दुर्बिणी साडेपाचशे ते साडेसहाशे ग्रॅममध्ये मिळतात. १०×५० ची साधी, कोपरात वाकलेली दुर्बीण नऊशेच्या घरात जाते. साडेतीनशे ग्रॅमचा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण नऊशे ग्रॅम गळ्यात अडकवून ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचा चढ चढणं म्हणजे जवळजवळ किलोभर कांदे मानेला बांधून चढणं. फरक एवढाच, की कांदे वाटेत कुणाला तरी देऊन टाकता येतात. पहिल्या तासात खांदे बोलतात, दुसऱ्यात मान, आणि तिसऱ्या तासाला झाडाच्या शेंड्यावर हळद्या बसला आहे असं कुणी सांगितलं तरी माणूस "असू दे, त्याला त्रास नको" असं म्हणून खाली बघून चालत राहतो. मोठ्या दुर्बिणी घेणारे लोक कालांतराने जमिनीवरच्या पक्ष्यांचे, धोबी आणि टिटवीचे, तज्ज्ञ होतात ते यामुळेच.

त्यात आपल्याला लोकल आहे. जगातल्या कुठल्याही दुर्बीण-तज्ज्ञाने दुर्बिणीची परीक्षा डोंबिवलीच्या फलाटावर घेतलेली नाही, आणि तिथेच त्यांचा अभ्यास कच्चा राहिला. पाणी आत शिरत नाही, धक्का सोसते, उणे वीस अंशात चालते, असं खोक्यावर छापलेलं असतं. उणे वीस अंशांचं आम्ही काय करू? आम्हाला हवं आहे ते डब्याच्या दारातल्या तीन माणसांच्या दाबाखाली टिकल्याचं प्रमाणपत्र. गळ्यात दुर्बीण घालून गर्दीच्या गाडीत शिरलात, तर तिचा पट्टा शेजाऱ्याच्या सॅकच्या बंदात अडकतो. ठाण्याला तो उतरतो आणि तुम्हीही उतरता. तुम्हाला भांडुपला जायचं असतं हा भाग वेगळा. म्हणून जाणती मंडळी दुर्बीण सॅकमध्ये ठेवतात, सॅक पोटावर घेतात आणि पोट आत घेतात. बारकी दुर्बीण इथे नंबर मारते. ८×२१ ची खिशातली दुर्बीण दोनशे ग्रॅमच्या आसपास असते, शर्टाच्या खिशात चष्म्याच्या शेजारी नांदते. पण तिचा प्रकाशाचा गोल अडीच मिलिमीटरचा. डोळा केसभर हलला की सगळं काळं. ढगाळ सकाळी तिच्यातून बघितलेला प्रत्येक पक्षी कावळ्याच्या जवळचा नातेवाईक वाटतो.

खरं तर कोपर आणि दिव्याच्या मध्ये खिडकीची जागा मिळाली तर दुर्बिणीवाचूनही बरंच दिसतं. तारेवर कोतवाल, पाणथळीत बगळे, डबक्याकाठी तपश्चर्येला बसलेला वंचक. पुढे मुंब्र्याची खाडी. २०२२ पर्यंत जलद लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की पक्षीनिरीक्षण संपायचं. तो बोगदा १९१६ चा आहे आणि त्यात गेल्या शंभर वर्षांत माणसाच्या कोपराखेरीज काही दिसल्याची नोंद नाही. पण खिडकीतून दुर्बीण लावायला जाऊ नये. चालत्या गाडीत आठ पटीने जे हलतं ते बघून पोटातलं बाहेर यायला बघतं, आणि समोरच्या बाकावर बसलेल्यांना आपल्याच नाकाकडे कुणीतरी शास्त्रीय दृष्टीने बघतो आहे असं वाटतं.

रेल्वेवरून आठवलं. १८५३ च्या १६ एप्रिलला पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात ती कल्याणला पोचली. त्याच १८५४ साली इग्नात्सियो पोरो नावाच्या इटालियन गृहस्थाने दुर्बिणीत लोलक बसवून उलटी प्रतिमा सुलटी करायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. खांदे बाहेर आलेली ती जुन्या सिनेमातल्या सेनापतीच्या हातातली दुर्बीण दिसते ना, ती पोरोची. दुसरा प्रकार सरळ नळ्यांचा. तो दिसायला सडपातळ आणि वजनाला हलका, पण त्याचे लोलक फार नेमके घासावे लागतात म्हणून तेवढ्याच दर्जाला महाग. पैसे कमी असतील तर पोरोची दुर्बीण जास्त लख्ख दिसते, हे सरळ नळीवाल्यांनीही खासगीत कबूल केलेलं आहे. फक्त ती वजन वाढवते आणि सॅकमध्ये तिरकीच बसते.

आता दुकान. मुंबईत कॅमेऱ्याच्या मालासाठी माणूस सीएसटीला उतरून बोराबाजारात जातो, स्वस्ताईसाठी चोरबाजारात जातो आणि शेवटी फोनवरून मागवतो. चोरबाजारात मिळते ती दुर्बीण नेहमी रशियन नौदलाची असते. रशियन नौदलाकडे स्वतःसाठी काही उरलं असेल का, अशी मला काळजी वाटते. हमरस्त्यावर मिळते तिची भिंगं लालभडक असतात. विकणारा सांगतो, हे रुबी कोटिंग, रात्री दिसतं. वस्तुस्थिती अशी, की भिंग लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश परत पाठवतं. तो आत जातच नाही, म्हणून आतलं जग हिरवट-निळसर होतं. अशा दुर्बिणीतून बुलबुलाचं लाल बूड दिसत नाही, आणि ते नाही दिसलं तर बुलबुल बघून उपयोग काय? चांगल्या भिंगावर हिरवी-जांभळी हलकी झाक असते. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' लिहिलेलं असावं, आणि मघाशी सांगितलेला तो प्रकाशाचा गोल नीट गोल दिसावा. त्याच्या कडा चौकटीसारख्या कापलेल्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत असं समजावं. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. दुकानदाराला ती आवडत नाही, हा तिचा आणखी एक फायदा.

किमतीचं सांगायचं तर स्वारोवस्कीची उत्तम दुर्बीण दोन-अडीच लाखांच्या पुढे जाते. तेवढी रक्कम गळ्यात घालून हिंडायची, तर आपल्याकडे तिला दुर्बीण म्हणत नाहीत, तिजोरी म्हणतात. मध्यमवर्गीयाला आठ ते पंधरा हजारांत निकॉन किंवा ऑलिंपसची प्रामाणिक वस्तू मिळते. त्यातही घरी सांगायचा आकडा आणि बिलावरचा आकडा वेगवेगळा ठेवण्याची परंपरा आहे. तो विषय मी वाढवत नाही, कारण हा लेख घरी वाचला जातो.

चष्मेवाल्यांचा प्रश्न मात्र वाढवायलाच हवा. रायफलच्या नळीत डोळा तीन-चार इंच मागे ठेवायचा असतो, कारण गोळी सुटली की बंदूक मागे येते. हे विसरणाऱ्या शिकाऱ्याच्या भुवईवर चंद्रकोर उमटते आणि ती तो अभिमानाने मिरवतो. आपल्या दुर्बिणीला असा उलटा रट्टा नसतो, पण डोळा आणि भिंग यांच्यातलं अंतर इथेही मोजावं लागतं. चष्मा लावणाऱ्याला ते पंधरा मिलिमीटर तरी मिळालं पाहिजे, नाहीतर कडा कापल्या जातात आणि पक्ष्याचं नुसतं पोट दिसतं. डोंबिवलीत चाळिशीनंतर चष्मा नसलेला माणूस बघायला मिळणं हेच दुर्मीळ दर्शन, तरी दुर्बीण घेताना हा आकडा कुणीच विचारत नाही.

आणि मग एका दुर्बिणीत दोन संसार. डाव्या-उजव्या डोळ्याचे नंबर वेगळे असतात म्हणून उजव्या भिंगाला फिरवायचं वेगळं कडं असतं. ते एकदा आपल्या डोळ्याला लावून ठेवायचं आणि नंतर फक्त मधलं चाक फिरवायचं. हे शास्त्र झालं. व्यवहार असा:

"अहो, काहीच दिसत नाहीये. सगळं धुरकट आहे."

"मधलं चाक फिरव."

"फिरवलं. आता जास्त धुरकट झालं."

"उलटं फिरव. दिसला का? डावीकडच्या फांदीवर आहे."

"कुणाच्या डावीकडच्या? माझ्या की झाडाच्या?"

स्वर्गीय नर्तक हा शेपटीच्या दोन लांब पांढऱ्या फिती घेऊन फिरणारा पक्षी आहे. स्वभावाने समजूतदार. पण त्यालाही काही मर्यादा असते. तो उडाला. कडं कुणी हलवलं यावर येऊरच्या गेटपर्यंत चर्चा झाली, निष्पन्न काही झालं नाही. दोन हलक्या दुर्बिणी एका भारी दुर्बिणीपेक्षा स्वस्त पडतात, हा हिशेब मला तिथे पटला. संसाराच्या बाजूनेही पडतात.

दुर्बीण आली की बिल्डिंगीत तुमचं चारित्र्य नव्याने तपासलं जातं, याची तयारी ठेवा. गच्चीत उभं राहून खाडीच्या दिशेने बघणारा माणूस खाडीकडेच बघतो आहे, हे समोरच्या इमारतीने का मानावं? आमच्या सेक्रेटरींनी अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं, "पक्षी सकाळीच असतात ना?" म्हणजे संध्याकाळी गच्चीची किल्ली मिळणार नव्हती. यावर अनुभवी लोकांनी सांगितलेला उपाय असा, की पहिल्या आठवड्यात दुर्बीण बिल्डिंगीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात द्यायची. मुलं घरी जाऊन घार किती मोठी दिसते ते सांगतात, नंतर आया येतात, शेवटी सेक्रेटरी येतात, आणि मलंगगड बघून झाल्यावर अगदी सहज, कुणाचं लक्ष नाही असं बघून, नळी समोरच्या इमारतीकडे वळवतात. मग कुणी काही बोलत नाही.

ठाणे खाडीवर रोहित बघायला जाणाऱ्यांना वेगळा इशारा. २०१५ साली खाडीचा ऐरोलीकडचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली तिचं नाव रामसर यादीत लागलं. थंडीपासून मेपर्यंत हजारोंनी रोहित येतात आणि बोटीतून बघता येतात. बोट हलते, रोहित चालतात, आपण श्वास घेतो. तीन हालचालींची बेरीज दहा पटीत केली तर गुलाबी चिखल दिसतो. इथे आठ पटही जास्त वाटते. रोहितांचा तो रंग खाण्यातून येतो, शेवाळातल्या आणि बारीक जलचरांतल्या रंगद्रव्यातून. रंगाच्या बाबतीत आम्हा डोंबिवलीकरांना कौतुक जरा कमी, कारण २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या एमआयडीसीतला रस्ताच गुलाबी झाला होता. त्याला शेवाळ खावं लागलं नाही, कारखान्यांनी परस्पर सोय केली. तो रस्ता बघायला मुख्यमंत्रीही येऊन गेले. दुर्बीण लागली नाही, एवढं मोठं दर्शन होतं.

शेवटचा शत्रू जून महिन्यात येतो. पावसाळ्यात नवरंग येतो, खरं तर तेव्हाच दुर्बीण हवी. आणि तेव्हाच आपल्या हवेत भिंगावर बुरशी धरते. जाळ्यासारखी ती नक्षी एकदा काचेच्या थरात रुजली की निघता निघत नाही. दुर्बीण तिच्या मऊ चामडी पेटीत घालून, पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी कपाटात ठेवणारा माणूस बुरशीची बाळंतपणाची सोय करत असतो. नायट्रोजन भरून बंद केलेल्या दुर्बिणीच्या आत वाफ धरत नाही; थोडे पैसे वाढवून तशीच घ्यावी. बाकीच्यांनी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दुर्बीण ठेवावी. नव्या चपलांच्या, पर्सच्या खोक्यांतून निघणाऱ्या पुड्या फेकू नयेत, ओलावा धरला की वाळवून पुन्हा वापराव्यात. डबा मात्र वेगळा आणावा. स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा डबा परस्पर उचलला तर बुरशी परवडली.

तेव्हा ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी निकाल असा. पट आठच, त्याच्या वर जाऊ नका, काका काहीही म्हणोत. भिंग बत्तीस किंवा बेचाळीस. वजन सहाशे ग्रॅमच्या आत, आणि पट्टा मानेवरून नाही तर दोन्ही खांद्यांवरून जाणारा. चष्मा असेल तर पंधरा मिलिमीटरची खात्री करून घ्या, आणि पट बदलणारी झूम दुर्बीण कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, त्याच्या आधी खरेदी उरका. आणि रविवारी पहाटे निघणार असाल तर शनिवारी रात्रीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे ते बघून ठेवा. तो कुठल्याही दुर्बिणीतून आधी दिसत नाही.